भरीत पार्टीत नामचीन माणसाशी गाठ पडली, फोटोही निघाला. आता?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी.

थंडी पडली की यावल-रावेर-भुसावळ पट्ट्यात शेतोशेत भरीत पार्ट्या सुरू होतात. यजमान एक, बोलावलेले पन्नास, न बोलावलेले पंधरा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असतात, तेवढ्यात बांधावर पांढरी गाडी येऊन थांबते. चार पोरांच्या गराड्यात एक माणूस उतरतो, कोणीतरी "भाऊ आले, भाऊ आले" करत सगळ्यांशी ओळख करून देतो, हात मिळवले जातात, फोटो निघतो. दोन दिवसांनी पेपरात वाचावं तर या भाऊवर खंडणी, खुनाचा प्रयत्न असे गुन्हे, आणि आता मोक्काचा प्रस्ताव. फोटो तर गावच्या तीन ग्रुपवर फिरून झालेला असतो.

हे आपल्याकडे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं, म्हणून विचारतो. अशी भेट किंवा फोटो हा गुन्हा धरला जातो का? पोलीस बोलावतात का, आणि बोलावलं तर काय करायचं? त्या माणसाने नंबर मागून घेतला असेल तर पुढे कसं वागायचं? किस्से नकोत, ते चहाच्या टपरीवर भरपूर मिळतात. कायदा आणि कामाची पद्धत माहीत असलेल्यांनी नेमकं सांगावं.

जिल्हाकोर्ट_जळगाव

भेटणं, हात मिळवणं, एका पंगतीत भरीत-पुरी खाणं, यातल्या कशालाही शिक्षा नाही. तरी लोक घाबरतात ते मोक्काला, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २ मध्ये 'अपप्रेरणे'ची (गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देण्याची) व्याख्या नेहमीच्या फौजदारी कायद्यापेक्षा बरीच ऐसपैस आहे. एखादा माणूस टोळीला मदत करतो हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, त्याच्याशी संपर्क किंवा संबंध ठेवणं हेही त्या व्याख्येत बसतं. हे वाक्य अर्धवट वाचून कोणीतरी ग्रुपवर टाकतं, "नुसतं बोललात तरी मोक्का".

तसं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रणजितसिंग शर्मा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात (तेलगी मुद्रांक प्रकरणातला, अर्जदार मुंबईचे माजी पोलीस आयुक्त) स्पष्ट केलं की नुसता संपर्क किंवा सहवास पुरेसा नाही. समोरचा टोळीला मदत करतो याची जाणीव हवी, आणि कलम ३(२) लावायचं तर टोळीच्या गुन्ह्याशी थेट धागा जुळला पाहिजे. बांधावरच्या पाच मिनिटांत हा धागा जुळत नाही.

मात्र 'मानायला कारण होतं' हे शब्द हलके घेऊ नका. गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती, हे कोर्टात पटवणं कठीण जातं. म्हणून पहिली भेट आणि पेपर वाचल्यानंतरची दुसरी भेट यांत कायद्याच्या नजरेनं जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आकडे सांगून ठेवतो. जाणूनबुजून गुन्हा सुकर करणं ३(२), टोळीतल्या माणसाला आसरा देणं किंवा लपवणं ३(३), टोळीचा सदस्य असणं ३(४): तिन्हींना किमान ५ वर्षं ते जन्मठेप आणि किमान ५ लाख दंड. गुन्ह्याच्या पैशातली मालमत्ता बाळगणं ३(५), किमान ३ वर्षं आणि २ लाख. त्यांच्या वतीने बेहिशेबी संपत्ती सांभाळणं, कलम ४, ३ ते १० वर्षं. शिवाय कलम २१(३) मुळे अटकपूर्व जामीन नाही, आणि दोषारोपपत्राची मुदत ९० वरून १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. नाव आरोपींत गेलं की बाहेर यायला किती वेळ लागतो, हे यावरून समजून घ्या.

आणखी एक. प्रत्येक गल्लीतला भाई मोक्कातला नसतो. मागच्या दहा वर्षांत टोळीच्या नावावर एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं हवीत, तीही ३ वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांची, आणि कोर्टाने त्यांची दखल घेतलेली हवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १११ ही जवळपास याच सांगाड्यावर उभं आहे.

ठाणेअंमलदार_निवृत्त

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी कागद कसा फिरतो ते सांगतो.

मोक्काचा प्रस्ताव ठाण्यातून निघतो, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडून एसपींकडे (पोलीस अधीक्षकांकडे) आणि तिथून परिक्षेत्राकडे जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे नाशिक परिक्षेत्रात येतात, म्हणून आपल्याकडची मंजुरी नाशिकहून येते. कायद्याप्रमाणे डीआयजी (पोलीस उपमहानिरीक्षक) किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय मोक्काखाली गुन्ह्याची नोंदच करता येत नाही. त्यानंतर तपास डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) खाली कोणी करू शकत नाही. दोषारोपपत्र कोर्टात जाण्याआधी अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. इतक्या टेबलांवरून जाणाऱ्या कागदात फक्त फोटोवरून कोणाचं नाव टिकत नाही.

लोकांना बोलावणं जातं ते बहुतेक सीडीआरवरून, म्हणजे मोबाईल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींवरून. आरोपीच्या नंबरचा सीडीआर निघाला की त्यात समोरचा नंबर, तारीख-वेळ, किती सेकंद बोलणं झालं, हँडसेटचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा क्रमांक) आणि टॉवर एवढं दिसतं. काय बोलणं झालं ते त्यात नसतं. मग कोणाशी किती वेळा, आणि घटनेच्या आगेमागे कोणाशी, अशी चाळणी लागते. एकदाच अकरा सेकंदांचा कॉल असलेला नंबर यादीत तळाला जातो. शेतातल्या टॉवरची कक्षा मोठी असते, त्यामुळे त्या संध्याकाळी त्याच टॉवरखाली अर्धं गाव सापडतं, तेही तपासी अधिकाऱ्याला कळतं. पण पार्टीनंतरच्या आठवड्यात त्याच नंबरवर सात-आठ कॉल दिसले, तर एलसीबीचा (स्थानिक गुन्हे शाखेचा) फोन येणारच. कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, तेव्हा "जुनी गोष्ट आहे, कोण बघतं" असं समजू नका.

बोलावलं तर आधी एकच बघा: कागद कोणत्या कलमाचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६०) असेल तर तुम्ही साक्षीदार. कलम ३५(३) असेल तर तुमच्याकडे संशयाने बघितलं जातंय. तेव्हा वकिलाला भेटल्याशिवाय जाऊ नका. आणि ३५(३) ची ढाल (नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर सहसा अटक नाही) सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत कामाची, मोक्कात तिचा आधार धरू नका.

१७९ ची नोटीस लेखी असावी लागते. स्त्रिया, १५ वर्षांखालचे आणि साठीपुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं. फोनवर "येऊन जा" म्हटलं तर नम्रपणे "साहेब, लेखी नोटीस द्या, वेळेवर येतो" एवढं म्हणा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

जबाब देताना घोळ कुठे होतो तेही सांगतो. घाबरून माणूस म्हणतो, "मी तिथे नव्हतोच." फोटो समोर ठेवला की मग "होतो, पण बोललो नाही." मग सीडीआर. तिसऱ्या वेळेला खरं सांगितलं तरी त्यावर विश्वास बसत नाही. कोणी बोलावलं, किती वाजता पोचलात, कोणी ओळख करून दिली, काय बोलणं झालं, नंबर दिला का, नंतर फोन आला का, ही सहा उत्तरं सरळ द्या. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाज बांधू नका. आणि पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराने सही करायची नसते, कलम १८१ तसं स्पष्ट म्हणतं. जबाब वाचून दाखवायला मात्र जरूर सांगा. सही आणि शपथ असते ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढच्या कलम १८३ च्या जबाबावर.

स्पष्टबोल्या_धुळे

एवढा किस कशाला पाडायचा? दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जायचं, सगळं सांगायचं, मोकळं व्हायचं. ज्यानं काही केलं नाही त्याला कसली भीती?

ठाणेअंमलदार_निवृत्त

धुळेकर दादा, पन्नास पाहुणे दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन उभे राहिले तर स्टेशन डायरीवाल्यानं काय लिहायचं? "सदर इसमाने अमक्यासोबत भरीत खाल्ले"? नुसत्या भेटीसाठी धावत जायची गरज नाही. जायचं ते तीन प्रसंगांत. एक, तो माणूस तडीपार आहे आणि हद्दीत आहे हे कळलं तर. दोन, तुमच्यासमोर हत्यार निघालं किंवा कोणाचा काटा काढायची भाषा झाली तर. तीन, तुमच्याकडे काही मागितलं तर.

तडीपारीचं थोडं खुलासेवार लिहितो, कारण यात लोकांचा फार गोंधळ आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ची कलमं ५५, ५६, ५७. टोळी असेल तर ५५, एकटा माणूस असेल तर ५६, शिक्षा झालेला असेल तर ५७. कलम ५६ चे आदेश आपल्याकडे बहुधा प्रांताधिकारी काढतात. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. आदेश ठरावीक हद्दीपुरता असतो, सगळीकडून हाकललेलं नसतं. रावेरहून बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, राज्य वेगळं. जळगाव जिल्ह्यातून तडीपार झालेला माणूस बऱ्हाणपुरात राजरोस राहू शकतो, बेकायदा होतं ते भरीत खायला अलीकडे येणं. आदेश मोडला तर कलम १४२, दोन वर्षांपर्यंत कैद. पण घरचं लग्न, मयत, कोर्टाची तारीख यासाठी तात्पुरती परवानगी मिळते, म्हणून दिसला रे दिसला की आरडाओरड करू नका. गावच्या पोलीस पाटलाला किंवा बीट अंमलदाराला विचारा, नाहीतर ११२ लावा. खातरजमा करणं त्यांचं काम.

तसंच जामिनावर सुटलेला किंवा संचित रजेवर (फर्लो), अभिवचन रजेवर (पॅरोल) आलेला कैदी पार्टीत दिसणं यातही आपोआप काही बेकायदा नसतं. त्याच्या अटी त्याने पाळायच्या.

जिल्हाकोर्ट_जळगाव

दुसऱ्या प्रसंगाला जोड देतो. कट कानावर पडला आणि गप्प बसलात, तर भेट साधी राहत नाही. २००३ मध्ये मुंबईच्या मोक्का न्यायालयाने चित्रपट-वित्तपुरवठादार भरत शहा यांना मोक्काच्या आरोपांतून सोडलं, पण माहिती दडवल्याबद्दल भारतीय दंड विधानाच्या कलम ११८ खाली एक वर्षाची शिक्षा दिली. तेच कलम आता न्याय संहितेत ५८ आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा बेत माहीत असताना तो जाणूनबुजून लपवणं, असा त्याचा गाभा.

केळीबाग_रावेर

आभार, बरंच स्पष्ट झालं. फोटोचं राहिलंच. मोबाईलमधून डिलीट करून टाकलेला बरा का? आणि समजा पार्टीनंतर आठवड्याभराने फोन आला, "भाऊ बोलतोय, एक काम होतं", तर?

मोबाईलदुरुस्ती_भुसावळ

डिलीट करून मिळणार काय भो? फोटो तुमच्या एकट्याच्या फोनमध्ये आहे थोडाच! ज्यानं काढला त्याच्याकडे, तीन ग्रुपवरच्या सहाशे जणांकडे. तुमच्या गॅलरीतून उडवला तरी आयफोनमध्ये तीस दिवस, गुगल फोटोजमध्ये बॅकअप असेल तर साठ दिवस कचरापेटीत पडून असतो. उलट तुमच्याकडची मूळ प्रत ही तुमच्या बाजूची. मूळ फाईलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही असते. त्या फोटोत मागे चूल, पंगत, पन्नास माणसं दिसतात. कोणीतरी कापून फक्त तुम्ही दोघं ठेवलेली प्रत फिरते तेव्हा ही अख्खी प्रत कामाला येते.

व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला की फोटो दाबला जातो आणि ही माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा केबल लावून पेन ड्राइव्हवर घ्या. तुम्ही स्वतः स्टेटसला ठेवला असेल तर तेवढा काढा. फेसबुकवर टॅग असेल तर टॅग काढा. टॅग काढल्याने फोटो जात नाही, तुमच्या नावाशी जोडलेला दुवा जातो.

फोन आला तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉट घ्या, पण नंबर दिसेल असा. लोक आधी नंबर 'भाऊ नवीन' नावाने सेव्ह करतात आणि मग स्क्रीनशॉट काढतात, त्यात नंबरच दिसत नाही. व्हॉट्सॲपवर बोलणं असेल तर चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि 'डिसॲपिअरिंग मेसेज' चालू आहे का ते आधी बघा. चोवीस तासांवर ठेवलेलं असलं तर दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. फोन फॉरमॅट मारू नका, विकू नका, स्क्रीन फुटली तरी बोर्डाला हात न लावता दुरुस्त करून घ्या.

जिल्हाकोर्ट_जळगाव

याला जोडून: चौकशी सुरू नसताना स्वतःच्या फोनमधला फोटो काढणं हा गुन्हा नाही. नोटीस आल्यावर, तो पुरावा म्हणून मागू नये या हेतूने काढला, तर न्याय संहितेचं कलम २४१, तीन वर्षांपर्यंत. रेकॉर्डिंग किंवा फोटो कोर्टात द्यायचा झाला तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोन ज्याचा त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य (फाईलच्या मजकुरावरून निघणारा तिचा आकडी ठसा) लिहायचं. फाईल चार फोनांतून फिरताना दाबली गेली किंवा बदलली की हे मूल्य बदलतं आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. म्हणून मूळ फोन जपा.

आता "एक काम होतं". असं काम सुरुवातीला कधीच भयंकर नसतं. अनुभवी तपासी अधिकाऱ्यालाही विचारा, मागण्या ठरलेल्या असतात: तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील, काढून दे. तुझी पिकअप दोन दिवस दे. मळ्यातल्या खोलीत दोन पोरं राहतील. तुझ्या नावावर एक सिम घे. पहिल्यात खातं गोठतं आणि मोक्काच्या ३(५) किंवा कलम ४ चा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्यात आरसी बुकावर तुमचं नाव, आणि गाडीत सातपुड्यापलीकडचा गावठी कट्टा सापडला तर जप्ती पंचनाम्यात गाडीमालक म्हणून तुम्हीच. तिसरी गोष्ट म्हणजे सरळ आसरा. नकार देताना कारणमीमांसा करू नका. "गाडी फायनान्सवर आहे", "खोलीत खतं आहेत" असं कारण दिलं की ते कारण दूर करून तो परत येतो. "भाऊ, जमणार नाही" एवढंच, आणि फोन परत करायचा नाही.

पैसे मागितले आणि भीती घातली तर ती खंडणी, न्याय संहिता कलम ३०८. जीवे मारण्याची भीती घालून पैसे घेतले तर दहा वर्षांपर्यंत. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात घेतच नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली एसपींना टपालाने पाठवा, रजिस्टर पोस्टाची पावती सांभाळा. फिर्यादीत "अज्ञात इसमाने धमकी दिली" असं मोघम लिहू नका. नंबर, वेळ, रक्कम, आणि तो बोलला ते शब्द जसेच्या तसे, शिवीसकट.

साक्षीदाराला धोका वाटत असेल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्ह्याच्या सक्षम समितीकडे अर्ज करता येतो. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो आणि संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळतं, पुढे वाढवता येतं. आपल्याकडे हा अर्ज फार कमी लोक करतात, कारण योजना आहे हेच माहीत नसतं.

शेवभाजी_हायवे

ढाबेवाल्यांसाठी आणि मंगल कार्यालयवाल्यांसाठी दोन ओळी. असा माणूस जेवायला आला तर बाकीच्या गिऱ्हाइकासारखंच वाढा आणि बिल घ्या. "भाऊंकडून कसले पैसे" हे दुसऱ्यांदा म्हटलं की तुमचा ढाबा त्यांचा अड्डा झाला, आणि तिसऱ्यांदा पोरं स्वतःहून पैसे देत नाहीत. डीव्हीआरवर (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरवर) चित्रण हार्डडिस्कच्या मापाप्रमाणे पंधरा दिवस ते महिनाभर टिकतं, मग आपोआप वरून पुसलं जातं. भांडण, हत्यार असं काही दिसलं तर तेवढा तुकडा त्याच रात्री वेगळा काढून ठेवा. डीव्हीआरचं घड्याळही बघा, बऱ्याच ठिकाणी ते दहा-वीस मिनिटं मागेपुढे असतं आणि पुढे वेळेचा मेळ बसत नाही. लॉज असेल तर ओळखपत्राची प्रत आणि रजिस्टरमधली सही, कोणी कितीही मोठा असो.

केळीबाग_रावेर

शेवटचं एक. भाऊच्या वाढदिवसाच्या बॅनरवर 'शुभेच्छुक' म्हणून न विचारता नाव आणि फोटो टाकतात. त्याचं काय?

जिल्हाकोर्ट_जळगाव

हे मात्र लगेच निस्तरा. अचानक झालेली भेट आणि तीन दिवस चौकात झळकणारं नाव यांत फरक आहे, ओळख नव्हती असं म्हणायला मग जागा उरत नाही. बॅनरचा अख्खा फोटो काढा, खाली प्रिंटरचं नाव असेल तर तेही येऊ द्या. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला लेखी द्या: माझं नाव व छायाचित्र माझ्या संमतीशिवाय छापलं आहे, फलक काढावा. फलक विनापरवाना असेल तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्याखाली कारवाई होते, आणि त्यात शुभेच्छुकांची यादी आयती हाताशी असते. अर्जाची एक प्रत ठाण्यात द्या, दोन्हीकडे आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. वाढदिवसाला तलवारीने केक कापणार असतील तर तिकडे फिरकूच नका. शस्त्रबंदीचा आदेश लागू असला तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १३५, वर शस्त्र अधिनियम, आणि व्हिडिओ तेच लोक टाकतात.

मोबाईलदुरुस्ती_भुसावळ

अर्जाचा फोटो काढताना शिक्क्यावरची तारीख वाचता येते का ते तिथेच झूम करून बघा. अर्ध्या लोकांचा शिक्का पुसट येतो.